रणगाड्याची मालकी : प्रस्तावना

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा विजयी राष्ट्रांच्या हाती भूमी, तहनामे आणि कर्जे यांच्याबरोबर आणखी एक अवजड वारसा उरला, तो म्हणजे त्यांनी स्वतःच रात्रंदिवस खपून घडवलेल्या आणि आता कोणालाही नकोशा झालेल्या लष्करी वाहनांचा. एकट्या अमेरिकेने शर्मन जातीचे सुमारे ४९ हजार रणगाडे बांधले होते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या कारखान्यांतून युनिव्हर्सल कॅरियर नावाच्या छोटेखानी चिलखती गाडीचे एक लाखाहून अधिक नग बाहेर पडले होते. यांतले बहुतेक लोखंड भट्टीत गेले, काही मित्रराष्ट्रांच्या पदरी पडले, काही नेमबाजीच्या मैदानांवर लक्ष्य म्हणून उभे राहिले, आणि जे थोडे उरले ते सरकारी लिलावांत शेतकरी, लाकूडतोडे, भंगारवाले आणि क्वचित एखादा जिज्ञासू माणूस यांनी मिळेल त्या भावाने उचलले.

भट्टीतून वाचलेल्या या वाहनांचे पुढे काय झाले, आणि आज एखाद्या नागरिकाला असे वाहन विकत घेऊन बाळगायचे असेल तर त्याने काय पाहावे, काय विचारावे व कशाची तजवीज आधी करून ठेवावी, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. मराठीत तो नवा आहे. ज्या देशात खासगी माणसाला रणगाडा बाळगण्याची वाट जवळजवळ नाहीच, त्या देशातील वाचकाने हा ग्रंथ का हाती घ्यावा, अशी शंका कोणी काढील तर ती रास्तच म्हणावी लागेल, आणि तिचे उत्तर मी यथावकाश देणार आहे. तूर्त एवढेच सांगतो की या ग्रंथात मालकीचा जो अर्थ धरला आहे तो खरेदीखतापाशी संपत नाही; यंत्र चालते ठेवण्याची विद्या ज्याच्यापाशी आहे तो त्याचा खरा मालक, आणि ती विद्या लोपली की उरते ते केवळ वजन, अशी ग्रंथकाराची धारणा आहे व तीच माझीही आहे.

नवख्या वाचकासाठी प्रथम मूळ गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या फिरत्या पोलादी पट्ट्याला आपल्याकडचे पोकलेनचालक ‘चेन’ म्हणतात, तो लष्कराचा शोध नव्हे. तो शेतातून आला. कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे बेंजामिन होल्ट याने १९०४ साली आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले, कारण त्या प्रदेशातील भुसभुशीत दलदलीत चाके रुतून बसत. आणि त्याच सुमारास इंग्लंडातील ग्रॅन्थम गावी हॉर्न्सबी कंपनीचा डेव्हिड रॉबर्ट्स अशाच खटपटीत होता. वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले की जमिनीवरचा दाब घटतो, हे त्यामागील तत्त्व साधे आहे. परंतु तो पट्टा चाकांवरून निसटू न देणे ही गोष्ट साधी नाही, हे लिंकन येथील विल्यम फॉस्टर कंपनीत १९१५ साली विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांच्या फार लवकर ध्यानी आले. अमेरिकेतून मागवलेले पट्टे खंदक ओलांडताना खाली लोंबत आणि उतरत. ट्रिटनने दाबून आकार दिलेल्या पोलादी तुकड्यांची नवी रचना केली तेव्हा कोठे ‘लिटल विली’ नावाचे ते पहिले यंत्र भरवशाचे झाले. पुढे एका वर्षाने, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या रणक्षेत्रात फ्लेर्स गावाजवळ रणगाडे प्रथमच लढाईत उतरले. १९१७ च्या फ्रेंच रेनो एफटी या छोट्या रणगाड्याने वर फिरता बुरूज आणि मागे इंजिन ही मांडणी रूढ केली, आणि ती आजही बव्हंशी तशीच आहे.

‘लिटल विली’ आज डॉर्सेट परगण्यातील बोव्हिंग्टन येथे पाहावयास मिळतो. तेथील संग्रहालयाची कथा अशी सांगतात की १९२३ साली रुडयार्ड किपलिंग, ज्याचा जन्म आपल्या मुंबईतला, तेथील लष्करी छावणीत आला असता जुने रणगाडे कुंपणाआड गंजत पडलेले त्याने पाहिले आणि त्यांचे संग्रहालय करावे असे सुचवले. शासकीय दप्तरात ज्यांची किंमत भंगाराच्या वजनावर ठरली होती, त्या वस्तूंकडे इतिहासाची साधने म्हणून पाहणारी दृष्टी त्या सूचनेत होती, आणि पुढे खासगी संग्राहकांनी जे केले त्याची बीजे मला तेथेच दिसतात.

दोन महायुद्धांमधल्या काळाचा आणि त्यानंतरच्या प्रगतीचा सारा तपशील येथे देण्याचे कारण नाही. पण एका बाबीपाशी मात्र वाचकाला थांबवले पाहिजे, कारण खरेदीचा निम्मा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. ती बाब म्हणजे वळणे. मोटारीची पुढची चाके तिरपी करता येतात. पट्ट्याला ती सोय नाही. म्हणून एका बाजूचा पट्टा मंद करून दुसऱ्या बाजूचा चालू ठेवावा लागतो, आणि हे कसे करायचे यावर अभियंत्यांची निरनिराळी घराणीच झाली. रशियन टी-३४ मध्ये एका बाजूचा क्लच सोडून ब्रेक दाबतात. रचना सोपी, शेतातल्या अवजारासारखी दणकट, पण प्रत्येक वळणाला शक्ती उष्णतेत वाया जाते आणि चालकाच्या दंडांना ते जाणवते. शर्मनमध्ये नियंत्रित डिफरन्शियल आहे. ब्रिटनमध्ये डॉ. मेरिट यांच्या कल्पनेतून आलेल्या मेरिट-ब्राउन गिअरपेटीने आतील पट्टा जितका मंदावतो तितकाच बाहेरील पट्टा वेग घेतो, आणि हीच पेटी चर्चिल, क्रॉमवेल व सेंच्युरियन या रणगाड्यांत बसली. युनिव्हर्सल कॅरियरची युक्ती तर मला फारच मोहक वाटते : चालकाने सुकाणू थोडेसे फिरवले की पुढची चाकजोडी आडव्या नळीवर एका बाजूला सरकते, त्यामुळे पट्टाच किंचित धनुष्यासारखा वाकतो आणि गाडी अलगद वळते, सुकाणू आणखी फिरवले तरच ब्रेक लागतो. साध्या फोर्ड व्ही-८ इंजिनावर आणि फोर्डच्या मालमोटारीच्या डिफरन्शियलवर चालणाऱ्या चारेक टनांच्या गाडीत एवढी नाजूक कल्पना बसवणाऱ्या मनांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. ज्याला ही घराणी समजली नाहीत तो गाडीचा रंग आणि तोफेची लांबी पाहून सौदा करतो.

युद्धोत्तर पहिल्या पंधरा-वीस वर्षांत या वाहनांकडे कोणी ऐतिहासिक दृष्टीने पाहिले नाही. ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी कॅरियर नांगराला जुंपले, नॉर्वे-स्वीडनच्या बर्फात वीझल नावाच्या हलक्या पट्टेवाल्या गाड्यांनी माल वाहिला, आणि टांगानिकातील भुईमूग लागवडीच्या ब्रिटिश योजनेसाठी व्हिकर्स कंपनीने शर्मन रणगाड्यांचेच ट्रॅक्टर बनवून त्यांना शर्विक असे नाव दिले. ती योजना फसली, पण झाडोऱ्याच्या जमिनीत पट्टे कसे झिजतात याचा मोठा धडा तिने दिला. आपल्याकडेही सरकारी डिस्पोजलच्या मालातून आलेल्या जीपगाड्या आणि ट्रक गावोगाव फिरले, हे जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल.

संग्राहकांची चळवळ खऱ्या अर्थाने उभी राहिली ती १९६० नंतर, जेव्हा युद्धात लढलेले तरुण पोक्त झाले आणि त्यांच्या मुलांना वडिलांनी चालवलेली गाडी प्रत्यक्ष पाहण्याची ओढ लागली. ब्रिटनमध्ये मिलिटरी व्हेइकल ट्रस्ट, अमेरिकेत १९७६ साली स्थापन झालेली मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन यांसारख्या संस्थांनी सुटे भाग, पुस्तिका आणि अनुभव यांची देवाणघेवाण सुरू केली, आणि केंट परगण्यातील उन्हाळी मेळाव्यांत शेकडो लष्करी गाड्या एकत्र येऊ लागल्या. कॅलिफोर्नियातील जॅक्स लिटलफील्ड यांनी आपल्या डोंगरावरील जागेत कार्यशाळा उभारून असा संग्रह केला की अनेक राष्ट्रांच्या सरकारांनाही त्याचा हेवा वाटावा. पोलंडमधील नदीतून काढलेला एक जर्मन पँथर त्यांच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षांच्या श्रमांनी पुन्हा उभा राहिला. २००९ साली ते वारले, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या संग्रहातील शंभराहून अधिक वाहने लिलावात निघाली. उरलेली निवडक मॅसॅच्युसेट्समधील संग्रहालयात गेली. एका माणसाच्या आयुष्यभराच्या मालकीचे त्याच्यामागे काय होते, हा प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येकाने त्या लिलावानंतर स्वतःला विचारला असेल.

चळवळीचा आरंभ आणि हा लिलाव यांच्या मधल्या काळात बाजाराचे रूपच पालटले. १९९० साली पॅरिस येथे युरोपातील पारंपरिक सैन्यदलांविषयीचा करार झाला, पूर्व जर्मनीचे सैन्य विसर्जित झाले, चेकोस्लोव्हाकियाच्या कोठारांतील वाहने विक्रीला निघाली, आणि ब्रिटिश लष्करानेही आपल्या अनेक एफव्ही-४३२ सैनिकवाहू गाड्या व स्कॉर्पियन घराण्यातील हलकी वाहने टप्प्याटप्प्याने मोडीत काढली. पूर्वी जे रणगाडे गुप्त नकाशांवर ठिपके म्हणून असत, ते आता नव्या मध्यम प्रतीच्या मोटारीच्या किमतीत मिळू लागले. आज नव्या खरेदीदाराच्या दारात जी गाडी बहुधा उभी राहते ती महायुद्धातील नसून याच शीतयुद्धाच्या काळातली असते, ही गोष्ट ग्रंथकाराने ठामपणे सांगितली आहे, आणि ती योग्यच आहे.

या क्षेत्रात संप्रदाय कोणते? पहिला संग्रहालयवाल्यांचा, त्यांच्या मते मूळ रंगाचा एक पापुद्राही दस्तऐवज असतो आणि तो खरवडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. दुसरा पुनर्निर्मात्यांचा; त्यांना वाहन कारखान्यातून निघाले त्या दिवशी जसे होते तसे हवे असते. तिसरा चालवणाऱ्यांचा, ज्यांना रंग आणि क्रमांक यांपेक्षा चिखलातून गाडी बाहेर येण्याचा अनुभव मोलाचा वाटतो. चौथा गणवेश घालून युद्धप्रसंग पुन्हा उभे करणाऱ्यांचा. याखेरीज चित्रपटांच्या गरजेतून निघालेला एक पंथ आहे, जो एका जातीच्या वाहनावर दुसऱ्याचे सोंग चढवतो. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटातील जर्मन टायगर हे वस्तुतः टी-३४ वर घडवलेले होते. मला स्वतःला पहिला संप्रदाय जवळचा वाटतो, परंतु तिसऱ्याशिवाय तो अपुरा आहे असेही माझे मत आहे. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात हाती लागलेला बोव्हिंग्टनचा टायगर १३१ हा चालता केला गेला म्हणून त्याच्या गिअरपेटीविषयी, त्याच्या तापमानाविषयी, त्याच्या अवजडपणाविषयी जे कळले, ते केवळ आराखडे वाचून कळण्याजोगे नव्हते. मात्र जुने यंत्र चालवले की ते झिजते, आणि मूळ भाग पुन्हा मिळत नाही. या पेचावर सर्वांना मान्य होईल असा तोडगा नाही, आणि तसा तो असल्याचा आव ग्रंथकाराने आणलेला नाही. तीन वेगवेगळ्या भग्न सांगाड्यांतून जोडलेल्या रणगाड्याला एकाच सांगाड्याचा क्रमांक देऊन ‘मूळ’ म्हणून विकणे ही मात्र सरळ लबाडी आहे, आणि तिला तोच शब्द वापरण्याचे धैर्य या ग्रंथात आहे याचा मला संतोष वाटतो.

खरेदीचा दिवस हा या व्यवहारातला सर्वांत सोपा दिवस असतो. पट्ट्याचेच उदाहरण घ्या. पट्टा म्हणजे पिनांनी एकमेकांत ओवलेल्या पोलादी कड्यांची माळ. प्रत्येक पिन आपल्या भोकात किंवा रबरी बुशात रोज थोडी थोडी झिजते, ती झीज डोळ्यांना दिसत नाही, परंतु पट्ट्यातल्या सगळ्या कड्यांत मिळून तिची बेरीज होते आणि पट्टा लांबतो. लांबलेला पट्टा दात्यांच्या चक्रावर नीट बसत नाही, दाते एका अंगाने खाल्ले जाऊन आकड्यासारखे होतात, आणि मग एखाद्या दिवशी ओल्या उतारावर तीव्र वळण घेताना तो उतरतो. जाणता फिटर चक्राच्या दात्यावर बोट फिरवून आणि वरच्या धावेची झोळ डोळ्यांनी जोखून सांगतो की पट्टा ताणणारे ताणचाक आणखी किती सरकवता येईल आणि कोणत्या दिवशी एक कडी काढावी लागेल. ज्याने विकत घेण्यापूर्वी ताणचाकाचे उरलेले अंतर मोजले नाही, त्याला नव्या पट्ट्याची किंमत कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

इंजिनांचेही तसेच. अनेक शर्मन आणि स्टुअर्ट रणगाड्यांत विमानासाठी जन्मलेले तारकाकृती इंजिन आहे, ज्याचे सिलिंडर वर्तुळात मांडलेले असतात. गाडी काही काळ उभी राहिली की तेल झिरपत जाऊन तळच्या सिलिंडरांत साचते. द्रव दबत नाही. आणि अशा स्थितीत कोणी घाईने स्टार्टर दाबला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मागे उभे राहून दोघांनी हँडल घालून इंजिन हातांनी सावकाश फिरवावे, अडखळले तर तेथेच थांबावे, तळचे प्लग काढून तेल निथळू द्यावे, आणि मगच कळ दाबावी. हा विधी पुस्तिकेत एका ओळीत येतो, पण त्यातील ‘अडखळले’ म्हणजे हातांना नेमके काय जाणवते, हे ज्याने केले आहे तोच सांगू शकतो. शीतयुद्धातील वाहनांच्या व्यथा निराळ्या : एफव्ही-४३२ मधील रोल्स-रॉइस के-६० आणि चीफ्टन या ब्रिटिश रणगाड्यातील लेलँड एल-६० ही दोन्ही समोरासमोर धावणाऱ्या पिस्टनांची द्विघाती इंजिने, एका सिलिंडरात दोन पिस्टन असतात आणि सिलिंडरचे डोके असा भागच नसतो. एल-६० ने ब्रिटिश लष्कराला जितका मनस्ताप दिला तितका क्वचितच दुसऱ्या यंत्राने दिला असेल. स्कॉर्पियन घराण्यातील गाड्यांचे चिलखत ॲल्युमिनियमचे, इंजिन जॅग्वार मोटारीच्या कुळातले, आणि वजन आठ टनांच्या आसपास. नवख्याने आरंभ करावा तो अशा हलक्या वाहनापासून, हा ग्रंथकाराचा सल्ला मला शंभर टक्के मान्य आहे, फक्त त्या ॲल्युमिनियमला पडणाऱ्या भेगा आधी नीट तपासाव्यात.

याशिवाय कोरडे छप्पर, पक्की फरसबंदी, अवजड वाहतुकीची गाडी, जुन्या ब्रेकच्या अस्तरांतील ॲस्बेस्टॉस, जुन्या तबकड्यांवरील रेडियम, आणि बोटे तोडण्याइतकी जड झाकणे, या सर्वांची तरतूद पैशांच्या आधी करावी लागते.

कायद्याचा भाग देशागणिक वेगळा आहे, आणि येथे अज्ञानाची सबब चालत नाही. ब्रिटनमध्ये तोफ व बंदुका कायमच्या निकामी केल्याचा, शस्त्रे तपासणाऱ्या प्रूफ हाउसचा दाखला लागतो. रस्त्यावर आणण्यासाठी वाहनाची नोंदणी, डांबर न उकरणारे रबरी तुकडे आणि पट्ट्याची वाहने चालवण्याचा ‘एच’ वर्गाचा परवाना लागतो. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानुसार जिवंत तोफ ही विध्वंसक साधन म्हणून नोंदवावी लागते, आणि स्फोटक गोळ्यांपैकी प्रत्येकाची नोंद स्वतंत्र. जर्मनीतील हायकेनडॉर्फ या गावी २०१५ साली एका वृद्धाच्या तळघरातून आख्खा पँथर रणगाडा लष्कराने बाहेर ओढून काढला. खटला चालला, शिक्षा स्थगित झाली, पण २०२१ साली अडीच लाख युरोंचा दंड बसला. कागदपत्रे पूर्ण नसतील तर वाहन घेऊ नये, हे मी कोणत्याही खरेदीदाराला निक्षून सांगेन.

आता एका अवघड प्रश्नाला भिडले पाहिजे. ही वाहने माणसे मारण्यासाठी घडवली गेली, आणि त्यांच्या आत माणसे होरपळून मेली. पूर्व युरोपातील नद्या आणि दलदली यांतून जे सांगाडे निघतात त्यांत कधी कधी चालकांचे अवशेष आणि जिवंत दारूगोळाही असतो. अशा ठिकाणी खरेदी-विक्रीचा विचार थांबलाच पाहिजे. अवशेषांची ओळख पटून ते सन्मानाने दफन होईपर्यंत त्या लोखंडावर कोणाचाही हक्क नाही. तसेच, हिटलरच्या खुनी पथकांचे गणवेश घालून मेळाव्यांत मिरवणाऱ्यांचा या छंदाशी काही संबंध नाही असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही. संबंध आहे, आणि तो तोडण्याची जबाबदारी संग्राहकांचीच आहे. रणगाडा जपणारा माणूस युद्धाचा गौरव करतो असे मात्र मी मानत नाही. त्या पोलादी पेटीच्या अंधारात पाच माणसांना किती कमी दिसत असे, किती उष्णता सोसावी लागे, बाहेर पडण्याचे दार किती अरुंद होते, हे ज्याने स्वतः आत बसून अनुभवले त्याला युद्धाविषयी भाषणे ऐकण्याची आवश्यकता उरत नाही.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध काय, हे आता सांगतो. आपले अहमदनगर, आता अहिल्यानगर, हे भारतीय चिलखती दलाचे माहेरघर आहे. तेथील केंद्राने १९९४ साली उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात नाना देशांची वाहने उभी आहेत. त्याच केंद्रात ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा जतन केला आहे, ज्यात बसून पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणात वयाच्या एकविसाव्या वर्षी लढता लढता पडले. त्यांची पलटण पूना हॉर्स, जिचा उगम १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहनाम्याने उभारलेल्या घोडदळात आहे. आणि १९६५ च्या सप्टेंबरात याच पलटणीचे नेतृत्व करीत फिल्लोऱ्याच्या लढाईत पराक्रम गाजवून पुढे काही दिवसांतच धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे मुंबईत जन्मलेले. त्या सेंच्युरियनचे मीटिऑर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचे जमिनीवर उतरलेले भावंड, आणि त्याची गिअरपेटी म्हणजे वर सांगितलेली मेरिट-ब्राउन.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आवडी येथे १९६५ पासून बांधल्या गेलेल्या आपल्या विजयंत रणगाड्यात तेच लेलँड एल-६० इंजिन होते, जे चीफ्टनमध्ये आहे; आणि ब्रिटनची ॲबट ही पट्ट्यांवर स्वतः चालणारी तोफ भारतानेही घेतली होती, जिच्यात के-६० आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात सातारा, सांगली, कोल्हापूर आणि नगर या जिल्ह्यांतील कितीतरी माणसांनी नोकरी केली. वाळवंटातील धुळीत आणि पंजाबच्या उन्हाळ्यात एल-६० चालते ठेवण्यासाठी त्यांनी काय काय केले, कोणत्या सीलला काय पर्याय शोधला, कोणता आवाज आला की इंजिन लगेच बंद करायचे हे ठरवले, हे ज्ञान आज केंटमधला चीफ्टनचा मालक शोधतो आहे आणि ते आपल्या खेड्यांतील ओसरीवर, निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांच्या स्मरणात पडून आहे. आपल्या चौकांत उभ्या असलेल्या रणगाड्यांवर दर राष्ट्रीय सणाला नवा ऑइलपेंट चढतो, पावसाचे पाणी आत साचून तळ कुजतो, आणि त्या गाडीची ओळख सांगणारी पाटी बहुधा नसते. मालकी कायद्याने सरकारची असो वा नगरपालिकेची; ते यंत्र जाणणारा कोणी जवळ नसेल तर त्याला वाली नाही.

या ग्रंथाची वेळही साधली आहे. ज्यांनी ही वाहने सैन्यात चालवली ती पिढी मावळत आहे. शिवाय २०२२ नंतर या छंदाच्या बाजारात एक अनपेक्षित प्रकार घडला : ब्रिटनमधील खासगी व्यापाऱ्यांच्या आवारांत उभी असलेली, स्कॉर्पियन घराण्यातली स्पार्टन व तत्सम जुनी वाहने लोकवर्गणीतून विकत घेतली जाऊन युक्रेनच्या रणांगणावर गेली. जे इतिहासजमा समजले जात होते ते पुन्हा सैनिकांना वाहू लागले, सुटे भाग दुर्मिळ झाले, भाव चढले, आणि संग्रहणीय वस्तू व शस्त्र यांच्यामधील रेषा आपण समजत होतो तितकी पक्की नाही हे दिसून आले.

ग्रंथकार इंग्लंडातील वास्तव्यात अशा कार्यशाळांत हातांना तेल लावून वावरलेले आहेत, आणि ते प्रत्येक पानावर जाणवते. त्यांनी वाहनांची सूची केलेली नाही. सूच्या इंग्रजीत विपुल आहेत. एखादा माणूस पहिल्या मोहापासून खरेदीपर्यंत, आणि खरेदीपासून दहाव्या वर्षाच्या गंजापर्यंत ज्या क्रमाने निर्णय घेतो, त्या क्रमाने त्यांनी विषय मांडला आहे. तांत्रिक शब्दांच्या बाबतीत त्यांनी मिस्त्री, फिटर आणि चालक जे शब्द वापरतात तेच घेतले, हा निर्णय मला फार समंजस वाटतो. एका मुद्द्यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे : वाहन कारखान्यातील मूळ रूपाला नेणे ते पसंत करतात, आणि मला वाटते की सैनिकांनी रणात केलेली ओबडधोबड दुरुस्तीही, डकवलेली पट्टी आणि हाताने लिहिलेले नाव यांसकट, राहू द्यावी. वाचकाने दोन्ही बाजू पाहून आपले मत बनवावे. जपानी आणि इटालियन वाहनांना ग्रंथात थोडीच जागा मिळाली आहे. पुढील आवृत्तीत ती वाढावी.

हा ग्रंथ वाचून कोणी परदेशस्थ मराठी माणूस एखादा कॅरियर विकत घेईल, तर मला आनंदच होईल. परंतु माझी खरी विनंती दुसऱ्यांना आहे. ज्यांनी विजयंत, सेंच्युरियन किंवा ॲबट चालवला वा दुरुस्त केला त्या निवृत्त सैनिकांनी, अथवा त्यांच्या मुलानातवंडांनी त्यांना विचारून, जे आठवते ते एका वहीत उतरवावे : कोणता नट कोणत्या पान्याने सुटे, कोणता आवाज कशाचा, पट्टा उतरला तर चिखलात तो परत कसा चढवीत. भाषा घरची असावी, आकृती हाताने काढलेली चालेल. लष्करी गुपित ठरेल असे काही त्यात नसावे, हे त्यांना मी सांगण्याची गरज नाही. ती वही ग्रंथकाराकडे अथवा नगरच्या संग्रहालयाकडे पोचती करावी. इंग्रजी येत नाही या कारणासाठी कोणीही थांबू नये.